परवलीचा शब्द कोणाला सांगायचा?

किल्ल्याच्या दरवाजाशी रात्री कोणी आले की पहारेकरी त्याला अडवून परवलीचा शब्द विचारी. शब्द बरोबर असला तर दिंडी उघडे; नाहीतर आलेला माणूस कितीही मोठ्या आवाजात आपले नाव आणि हुद्दा सांगो, तो बाहेरच उभा राही. या व्यवस्थेतली एक गोष्ट मुलांनी नीट ध्यानात घ्यावी. विचारण्याचा अधिकार पहारेकऱ्याचा होता. बाहेरून आलेल्याने उलट पहारेकऱ्यालाच शब्द विचारला असता, तर तो माणूस फितूर आहे हे सांगायला कोणा पंडिताची गरज पडली नसती. आज आपल्या फोनवर मात्र नेमके हेच उलटे चालले आहे. बाहेरचा माणूस फोन करतो, आपल्याच दाराचा परवलीचा शब्द आपल्यालाच विचारतो, आणि आपण तो आदराने सांगतो.

शाळेत संगणक शिकवणाऱ्या आम्हा दोघा-तिघांना पालकसभेत एक प्रश्न हमखास विचारला जातो: "सर, फोनमध्ये कोणते ॲप घातले म्हणजे पैसे सुरक्षित राहतील?" या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, असे ॲप नाही. बँकेने लावलेले कुलूप बहुधा चांगलेच असते. ते तोडत बसण्यापेक्षा किल्ली मागून घेणे चोराला फार स्वस्त पडते. म्हणून आज कुलपापेक्षा किल्लीविषयी बोलू.

कुलूप तुटतच नाही असे मात्र नव्हे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला हल्ला पुष्कळांना आठवत असेल. चोरट्यांनी बँकेच्या एटीएम यंत्रणेत घातक प्रोग्रॅम घुसवला आणि पैसे काढण्याची परवानगी देणारी एक खोटी व्यवस्था उभी केली. मग ११ ऑगस्टला अवघ्या काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातून आणखी अडीच कोटी निघाले, आणि दोन दिवसांनी जवळजवळ १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण सुमारे ९४ कोटी. आता याची दुसरी बाजू पाहा. एवढ्यासाठी किती देशांत किती माणसे एकाच वेळी एटीएमसमोर उभी करावी लागली असतील! कार्डांची माहिती जमवायची, बनावट कार्डे छापायची, वेळ साधायची. कुलूप तोडणे हे असे मोठ्या टोळीचे काम आहे. तुमच्या आजोबांच्या पेन्शनच्या खात्यासाठी कोणी एवढा खटाटोप करत नाही. तिथे एक फोन पुरतो.

पूर्वी कार्डावरचे आकडे आणि मागचा तीन आकडी क्रमांक एवढ्यावर इंटरनेटवरून खरेदी होत असे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑगस्ट २००९ पासून अशा खरेदीसाठी कार्डावर छापलेले नाही असे काहीतरी जास्तीचे देणे सक्तीचे झाले. त्यातूनच पुढे ओटीपी घराघरांत आला. ओटीपी म्हणजे एकदाच चालणारा, थोड्याच मिनिटांत शिळा होणारा परवलीचा शब्द. 'हा व्यवहार खरोखर खातेदारच करतो आहे ना?' एवढेच तो बँकेच्या यंत्राला पटवतो. तो मागणारे यंत्र तुमच्यासमोर असते आणि व्यवहार तुम्हीच सुरू केलेला असतो. तुम्ही काहीच सुरू केलेले नसताना ओटीपी आला, तर त्याचा अर्थ एकच: दुसऱ्या कोणीतरी तुमच्या दारावर थाप मारली आहे. अशा वेळी तो आकडा कोणाला वाचून दाखवणे म्हणजे आतून कडी काढणे. बँकेच्या खऱ्या कर्मचाऱ्याला त्या आकड्याचा काडीइतका उपयोग नसतो, म्हणून तो कधी मागतही नाही.

यूपीआयचे सूत्र तर याहून सोपे आहे, तरी सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो. २०१६ साली सुरू झालेली ही व्यवस्था आज सराफ्यातल्या गराडूच्या गाडीपासून औषधाच्या दुकानापर्यंत सगळीकडे आहे. तिचा पिन फक्त पैसे पाठवताना लागतो, किंवा खात्यातली शिल्लक पाहताना. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. क्यूआर चौकोनही पैसे देणाऱ्याने टिपायचा असतो, घेणाऱ्याने नव्हे. जुना सोफा विकायला काढला की 'फौजी' म्हणवणारा एखादा गिऱ्हाईक फोन करतो आणि सांगतो, "मी चौकोन पाठवतो, तुम्ही तो टिपा आणि पिन घाला, पैसे जमा होतील." होतात, पण त्याच्या खात्यात! एका व्यक्तीने दुसऱ्याकडे यूपीआयवरून पैशाची मागणी पाठवण्याची सोयही अशाच फसवणुकीमुळे १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. एक वाट बुजली, पण चौकोनाची वाट तशीच आहे.

चौकोनाची आणखी एक गंमत. गंमत म्हणायची, पण दुकानदाराला ती महाग पडते. आपल्याच प्रदेशात, खजुराहोला, जानेवारी २०२५ मध्ये रात्रीतून अनेक दुकानांबाहेरच्या क्यूआर चौकोनांवर दुसऱ्याच कोणाच्या खात्याचे चौकोन चिकटवल्याचा प्रकार उघडकीस आला. गिऱ्हाइके पैसे देत होती, दुकानदाराला मिळत नव्हते. म्हणून चौकोन टिपल्यावर पडद्यावर जे नाव येते ते मुलांनी मोठ्याने वाचावे आणि दुकानदाराला विचारावे, "काका, हेच नाव ना?" यात लाजण्यासारखे काहीच नाही. दुकानदार उलट खूश होतो.

आता त्या फोनकडे वळू, ज्याने आपल्या समाजातल्या ज्येष्ठांची झोप उडवली आहे. फोन येतो: तुमच्या नावाचे पार्सल पकडले, त्यात अमली पदार्थ निघाले, तुमचे आधार वापरले गेले. मग फोन 'वरच्या साहेबां'कडे दिला जातो. व्हिडिओवर गणवेशातला माणूस, मागे तिरंगा आणि बोधचिन्ह, टेबलावर फायलींचा ढीग. तुम्हाला अटक झाली आहे, खोलीबाहेर पडायचे नाही, फोन बंद करायचा नाही, घरात कोणाला सांगायचे नाही. आणि निर्दोष असाल तर तपासणीसाठी सगळी रक्कम 'सरकारी खात्यात' जमा करा, दोन दिवसांत परत मिळेल. याला 'डिजिटल अरेस्ट' असे भारदस्त नाव दिले गेले आहे. भारताच्या कोणत्याही कायद्यात व्हिडिओवरून अटक करण्याची तरतूद नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हे देशाला सांगितले. तरी पुढच्याच वर्षी हरियाणातल्या अंबाला येथील एका वृद्ध दांपत्याचे एक कोटीहून अधिक रुपये असेच गेले. त्यांना सर्वोच्च न्यायालयाचे बनावट आदेश दाखवण्यात आले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली.

शिकलेली, नोकरी केलेली, हिशेबाला चोख माणसे यात सापडतात कशी? आमचे मत असे की, ती चोख असतात म्हणूनच सापडतात. आयुष्यभर सरकारी कागदाला उत्तर दिले, कर वेळेवर भरला, साहेबापुढे आवाज चढवला नाही. त्यात आपली इंदूरची एक खास गोष्ट मिसळते. आपल्या घरात मराठी, बाजारात हिंदी. पण कचेरीची, ठाण्याची, कोर्टाची हिंदी ही बाजारातल्या हिंदीहून वेगळी असते. जड, कलमांचे आकडे फेकणारी ती भाषा कानावर पडली की आपल्या पिढीचा माणूस नकळत ताठ बसतो आणि "जी, सर" म्हणतो. चोराने त्या भाषेचा अभ्यास केलेला असतो. रामबागेतल्या आजीबाईंशी तो मराठी बोलायला गेला असता तर दोन वाक्यांत उघडा पडला असता! साहेबी हिंदीत त्याला तो धोका नाही. म्हणून घरातल्या ज्येष्ठांना आम्ही एवढेच सुचवू की अशा वेळी मराठीतच उत्तर द्यावे, "मुलगा आल्यावर बोलते", आणि फोन ठेवावा. खऱ्या पोलिसाचे यात काही बिघडत नाही. तो घराचा पत्ता शोधून दारात येऊ शकतो.

बोलणारा खरा कोण, हे ओळखण्याचा प्रश्न काही आजचा नाही. आपल्या जुन्या कागदांत मजकूर संपल्यावर मोर्तब उठवीत, म्हणजे त्याखाली कोणी मागाहून ओळ घुसवू नये. 'शिक्कामोर्तब झाले' असे आपण आजही म्हणतो. सराफ्याच्या पेढ्यांवर हुंड्या चालत, त्यांत 'शाहजोग' नावाचा एक प्रकार होता. या हुंडीचे पैसे कागद आणणाऱ्या कोणालाही मिळत नसत. बाजारात पत असलेल्या, ओळखीच्या शाहालाच मिळत. कागद चोराच्या हाती लागला तरी पेढीवर त्याला कोणी ओळखत नसे, आणि तिथेच त्याचे घोडे अडे. फोनवर दिसणारा नंबर, फोटो, गणवेश हे सगळे आणणाऱ्याच्या हातातले कागद झाले. त्यावरून पत ठरत नाही. पत ठरवायची तर आपण उलट फोन करावा आणि तोही आलेल्या नंबरावर नव्हे, तर पासबुकावर किंवा कार्डाच्या पाठीमागे छापलेल्या नंबरावर. इंटरनेटवर शोधून मिळालेला 'ग्राहक सेवा' नंबर घेऊ नये, कारण तिथे चोरांनीही आपापल्या पाट्या लावून ठेवल्या आहेत. बँकांच्या संकेतस्थळांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२५ साली चांगली सोय केली. भारतीय बँकांच्या पत्त्याचा शेवट 'डॉट बँक डॉट इन' असा असावा असे ठरले आणि बदलासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली गेली. असा पत्ता फक्त बँकांनाच मिळतो. पत्ता वाचताना शेवट पाहायचा, सुरुवात नव्हे. सुरुवातीला बँकेचे नाव कोणीही लिहू शकतो.

एक युक्ती मात्र आम्ही प्रत्येक घराला सुचवतो. घरातल्या माणसांनी आपसांत एक परवलीचा शब्द ठरवावा. आता आवाजाची हुबेहूब नक्कल करणारी यंत्रणा सहज हाताशी आली आहे. "आजी, मी बोलतोय, अपघात झालाय, पैसे पाठव" असा नातवाचाच आवाज आला तरी आजीने शब्द विचारावा. शब्द घरातलाच, पण बाहेर कधी न लिहिलेला असावा: लहानपणी हरवलेल्या मांजराचे नाव, आजोळच्या विहिरीचे नाव. इथे विचारणारी आजी आहे, म्हणजे पहारा पुन्हा योग्य माणसाकडे आला.

आणि एवढे करूनही पैसे गेले तर? या प्रश्नावर आम्हाला थोडे कडक बोलावे लागेल, आणि तेही ज्येष्ठांशी नव्हे, त्यांच्या मुलांशी. पैसे गेल्याचे कळताच घरात पहिले वाक्य काय उच्चारले जाते? "तुम्हाला सांगितले होते ना, फोन उचलू नका म्हणून!" हे एक वाक्य चोराच्या फार कामाचे असते. कारण ते ऐकावे लागेल या भीतीने बाबा संध्याकाळपर्यंत बोलत नाहीत, आई दोन दिवस बोलत नाही, आणि तोवर पैसा पाच-सात खात्यांतून फिरून नाहीसा होतो. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लवकर फोन केला तर पैसा ज्या खात्यात पोहोचला असेल तिथे तो गोठवता येतो; उशीर झाला की गोठवायला काही उरत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातही सारा भर वेळेवरच होता. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, आणि ग्राहकाने बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर नुकसान ग्राहकावर पडू नये. ग्राहकानेच गुप्त आकडा सांगितला असला तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. म्हणजे स्वतःच्या हाताने किल्ली दिलेल्या माणसालाही लवकर बोलण्याचा फायदा होता. तेव्हा पहिले वाक्य असे असावे: "किती वाजता झाले? चला, आधी फोन लावू." रागवायचेच असेल तर तक्रार नोंदवून झाल्यावर रागवा. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी स्थळावरही नोंदवता येते. मेसेज, नंबर, व्यवहाराचा क्रमांक काही पुसू नये.

थोडे गणित

आठवी-नववीच्या मुलांनो, आता वही काढा. चार आकडी पिन एकूण किती होऊ शकतात? ००००पासून ९९९९पर्यंत, म्हणजे १०,०००. पण पुष्कळ जण त्यात जन्मतारीख घालतात. दिवस आणि महिना मिळून चार आकडे केले तर शक्यता फक्त ३६६ उरतात. जन्मवर्ष घातले तर आजच्या हयात माणसांसाठी जेमतेम शंभर. दहा हजार खोल्यांची हवेली बांधून आपण सगळे एकाच पडवीत झोपतो! आणि चोराच्या हाती आधारची झेरॉक्स असेल तर त्याला अंदाजही करावा लागत नाही.

आता अक्षरे घेऊ. इंग्रजीच्या २६ लहान अक्षरांतून आठ अक्षरी शब्द केला तर शक्यता २६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २०,८८२ कोटी. संख्या मोठी दिसते. पण एखाद्या संकेतस्थळावरून परवलीच्या शब्दांची कमकुवत पद्धतीने साठवलेली यादी चोरीला गेली, तर चोर आपल्या घरी बसून संगणकाला कामाला लावतो. तो संगणक सेकंदाला १०० कोटी शब्द तपासतो असे धरा (आजची यंत्रे याहून वेगवान आहेत), तर सगळे शब्द साडेतीन मिनिटांत संपतात. अक्षरे बारा केली तर साधारण तीन वर्षे लागतात. सोळा केली तर सुमारे १३ लाख ८० हजार वर्षे. एक अक्षर वाढले की काम २६ पट होते. चिन्हे आणि आकडे घालून शब्द वाकडा करण्यापेक्षा तो लांब करणे म्हणूनच बरे. अर्थात ही अक्षरे खरोखर कशीही उचललेली असतील तरच हे गणित खरे. शाळेचे नाव सोळा अक्षरी असले म्हणून ते तेरा लाख वर्षे टिकत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट गणितातली नाही. एकच परवलीचा शब्द खेळाच्या ॲपला, ईमेलला आणि आईच्या खरेदीच्या खात्याला वापरला, तर सर्वांत ढिसाळ जागेवरून तो फुटतो आणि सर्वांत मौल्यवान जागी वापरला जातो. ईमेलचा शब्द तर सर्वस्वी वेगळाच हवा, कारण बाकीच्या खात्यांचे विसरलेले शब्द तिथेच परत येतात. आणि मित्रमैत्रिणींत हल्ली परवलीचा शब्द सांगणे ही मैत्रीची खूण समजली जाते, हे वर्गात आम्ही ऐकले आहे. मैत्री तुटायला सातवीत एक मधली सुट्टी पुरते, हेही आम्ही पाहिले आहे.

शाळेपुरते

विश्वस्त मंडळापुढे आम्ही काही गोष्टी ठेवू इच्छितो. पालकांच्या व्हॉट्सॲप गटात वाढदिवसाच्या शुभेच्छांबरोबर मुलाचा फोटो, पूर्ण जन्मतारीख आणि वर्ग रोज जातो. प्रेमाने जातो, यात शंका नाही. पण एवढी माहिती हाती असलेला अनोळखी माणूस त्या मुलाच्या आजीला फोन करून "मी शाळेतून बोलतोय" असे अगदी खात्रीने म्हणू शकतो. शुभेच्छा नावापुरत्या द्याव्यात, वर्ष आणि वर्ग वगळावा. सहलीच्या याद्या घरच्या नंबरांसह गटात टाकू नयेत. प्रवेशाच्या वेळी घेतलेल्या आधारच्या झेरॉक्सचे गठ्ठे कपाटावर उघडे असू नयेत. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात शाळा प्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही असे स्पष्ट केले आहे. एखाद्या कामासाठी प्रत लागलीच तर शेवटचे चारच आकडे दिसणारी झाकलेली प्रत पालकांना आधारच्या संकेतस्थळावरून काढता येते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही २०२३ साली झाला. त्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक धरला आहे आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व ठेवले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून तो टप्प्याटप्प्याने अमलात येतो आहे. कायद्याची वाट न पाहता कपाटाला कुलूप लावता येईल. त्याची किल्ली कोणाकडे राहील तेही सभेत ठरवावे.

शाळा कोणत्याही पालकाकडे फोनवरून ओटीपी मागत नाही, आणि फी नव्या खात्यात भरा असे फोनवर किंवा मेसेजवर कळवत नाही. असा निरोप आला तर कार्यालयात येऊन विचारावे.

आता मुलांसाठी घरचा अभ्यास. एका डब्यात साधे मराठी शब्द लिहिलेल्या २,००० चिठ्ठ्या आहेत. डोळे मिटून चिठ्ठी काढायची, शब्द लिहायचा, चिठ्ठी परत टाकायची. असे चार शब्द मिळाले: उखळ, पतंग, तिकीट, जांभूळ. हा झाला तुमचा लांब परवलीचा शब्द. (हेच चार मात्र कोणी वापरू नयेत, ते आता छापले गेले!) चोराला डब्यातले सगळे शब्द माहीत आहेत, फक्त कोणते निघाले ते माहीत नाही. शक्यता २,००० चा चौथा घात, म्हणजे १६ लाख कोटी. सेकंदाला १०० कोटी या वेगाने त्याला सुमारे साडेचार तास लागतील. चार ऐवजी पाच चिठ्ठ्या काढल्या तर किती, आणि सहा काढल्या तर किती? उत्तर वर्षांत काढून गणिताच्या वहीत लिहावे व पुढच्या सोमवारी वर्गात दाखवावे. बरोबर उत्तरे पुढील अंकी.